समुद्रफुलाभोवती खंदक

मागच्या वर्षी मे महिन्यात एका रात्री अकराला लाइट गेली ती पहाटे साडेतीनला आली. इन्व्हर्टर मधेच बसला. टाकीतला प्रवाह थांबला तसं आमचं समुद्रफूल खडक सोडून अंधारात काचेवरून सरकत गेलं आणि बंद पडलेल्या वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाच्या, जाळीवर जाऊन बसलं. लाइट आली आणि पंखा फिरला. सकाळी पाहिलं तर पाणी ताकासारखं, जाळीत अडकलेले तपकिरी धागे, आणि खालच्या खडकावरचे झोआंथिड (प्रवाळांसारखे मऊ जीव) झाडून सगळे मिटलेले. तुटलेले तुकडे जिथे जिथे जाऊन लागले तिथे लेदर प्रवाळावर भाजल्यासारखे पांढरे डाग उठले. समुद्रफुलाचं बोट तुटलं तरी त्यातल्या दंशपेशी लगेच निकामी होत नाहीत, त्या डंख मारत राहतात. दिवसभरात दोनदा पाणी बदललं, ताजा कोळसा (ॲक्टिव्हेटेड कार्बन) घातला आणि प्रवाळ वाचवले. समुद्रफूल गेलं.

त्यानंतर मी टाकीची मांडणी मुळापासून बदलली. समुद्र आमच्या परंड्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पाणी बोअरचं आणि जड, लाइटचा भरवसा नाही. अशा गावात प्रवाळांसोबत समुद्रफूल ठेवायचं असेल तर काय करावं लागतं, ते इथे सांगतो. किनाऱ्यावरच्या माणसाला यातलं बरंच लागू पडणार नाही. मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींचे सल्लेही आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे मी नुकसान सोसून शिकलो.

भाऊबंद आणि त्यांचं भांडण

समुद्रफूल हा प्राणी आहे. मराठीत त्याला समुद्रपुष्पही म्हणतात, आणि दोन्ही नावांमुळे पुष्कळांची समजूत होते की ही एक प्रकारची वनस्पती, म्हणजे कुंडीसारखी एका जागी राहणार. प्रवाळ त्याचा भाऊबंद. अंगठीतलं पोवळं आपल्याला माहीत असतं, पण तो सांगाडा आहे. तो बांधणारा मऊ जीव समुद्रफुलाचीच बारीक आवृत्ती असतो: मधे तोंड, भोवती बोटांचं कडं, बोटांत दंशपेशी. टाकीत ठेवतात त्या समुद्रफुलांच्या आणि प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि यजमानाला देतं. म्हणून दोघांना प्रकाश लागतो, क्षारता-तापमान न बदलणारं पाणी लागतं, आणि कागदावर पाहिलं तर दोघांच्या गरजा हुबेहूब जुळतात. दुकानदार हेच सांगून विकतो.

फरक एकाच गोष्टीचा आहे. समुद्रफूल चालतं. त्याच्या बुडाशी एक चपटा स्नायूचा पाय असतो, त्यावर ते सरकतं. मनासारखी जागा मिळाली तर वर्षानुवर्षं हलत नाही, आणि बिनसलं तर एका रात्रीत टाकीच्या दुसऱ्या टोकाला जातं. वाटेत जे प्रवाळ लागतील त्यांना ते भाजून काढतं. प्रवाळाला पळता येत नाही. दोघांना एकत्र ठेवण्याची सगळी कला या एका फरकाभोवती फिरते.

निसर्गात ते शेजारी राहतात, हे खरं. मुंबईला हाजी अली किंवा वरळीच्या खडकांवर मोठ्या ओहोटीला उतरलात तर झोआंथिडच्या सतरंज्या आणि त्यांच्या फटीतून डोकावणारी समुद्रफुलं एकाच डबक्यात दिसतात. मला हे सगळ्यात आधी तिथेच दिसलं. पण त्या डबक्यात दिवसातून दोनदा अख्खा अरबी समुद्र येऊन जातो. आपल्या टाकीत तेच अडीचशे लिटर पाणी महिनोन्‌महिने फिरत असतं.

आणखी एक गोष्ट मनात ठेवून मगच पुढे वाचा. स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलिएल नावाच्या अभ्यासकाने 1828 साली किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. 1851 मध्ये डॅलिएल वारले. पाळणारी माणसं बदलत गेली, आणि ते समुद्रफूल 1887 पर्यंत जगलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणत. समुद्रफूल आपल्याकडे वर्षभरात मरतं तेव्हा त्याचं आयुष्य संपलेलं नसतं, आपलं काहीतरी चुकलेलं असतं.

आधी कायदा बघा

2001 मध्ये केंद्र सरकारने खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. त्याच अनुसूचीत वाघ आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम निघालं तेव्हा वाटेतल्या प्रवाळांच्या 18 वसाहती परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली 2020 मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या कामाला जी मुभा नव्हती ती आपल्या दिवाणखान्याला नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी करणंही मालकावर आलं आहे.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. ब्रेन, हॅमर, टॉर्च, ॲक्रोपोरा अशा नावांनी कोणी कठीण प्रवाळ देऊ केला तर घेऊ नका. जिवंत खडक म्हणून जो विकतात तोही बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो, त्याऐवजी सिरॅमिकचा कृत्रिम खडक वापरा. टाकीत ठेवायचे ते मऊ प्रकार, हौशी लोक ज्यांना सरसकट सॉफ्ट कोरल म्हणतात ते: मश्रूम, झोआंथिड, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप. तेही टाकीत वाढवलेल्या कांड्या असाव्यात आणि पक्की पावती असावी. मालवणला फिरायला गेलात तर तिथला समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे, हे लक्षात असू द्या. तिथून काय, कुठल्याच किनाऱ्यावरून खिशात घालून काही आणू नका.

या बंधनामुळे हौस कमी होत नाही, उलट काम सोपं होतं. समुद्रफुलाच्या शेजाराला मऊ प्रकारच जास्त टिकतात, त्यातही मश्रूम सगळ्यात चिवट.

परंड्याचं पाणी आणि परंड्याचं ऊन

इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्याकडची बहुतेक समुद्रफुलं शेजाऱ्याशी भांडून मरत नाहीत. ती पाण्याने मरतात.

आपल्या बोअरच्या पाण्यात काय काय विरघळलेलं असतं ते चहाच्या भांड्यावर बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून कळतं. समुद्राचं पाणी बनवायचं ते शून्य टीडीएसच्या पाण्यात. त्यासाठी आरओ आणि त्याच्यापुढे डीआय रेझिनचा डबा. घरात पिण्याच्या पाण्याचं आरओ मशीन असेल तर तपासून पाहा. त्यात बहुधा चव येण्यासाठी थोडं मूळ पाणी परत मिसळणारा स्क्रू किंवा मिनरलचा डबा असतो. टाकीचं पाणी त्याच्या अलीकडून काढलं पाहिजे. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. त्यावर आकडा 0 दिसला तरच मीठ घाला.

मीठ म्हणजे ॲक्वेरियमसाठी बनवलेलं सागरी मीठ. स्वयंपाकाचं, खडे मीठ, सैंधव यातलं काहीही चालत नाही. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम पडतं. पाणी प्लास्टिकच्या ड्रममध्ये छोटा पंप लावून एक दिवस फिरवा, मग क्षारता मोजा: हजारी 35, म्हणजे घनता 1.025 ते 1.026. तरंगत्या हायड्रोमीटरपेक्षा रिफ्रॅक्टोमीटर घ्या.

पाणी साठवायला तांब्याचा हंडा, पितळेची घागर किंवा बादली कदापि वापरू नका. तांब्यातलं पाणी आपल्याला चांगलं असेल, समुद्रफुलाला आणि प्रवाळाला तांबं विष आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर दुकानात जे निळं औषध मिळतं त्यातही बऱ्याचदा तांबं असतं. मासा आजारी पडला तर तो दुसऱ्या टाकीत काढून औषध द्या.

शेतकरी घरात आणखी एक धोका असतो, त्याबद्दल पुस्तकांत वाचायला मिळत नाही. सोयाबीन-उडदावर फवारणी करून आलेले हात, कपडे, ओसरीवर ठेवलेला फवारणी पंप, खोलीत मारलेला डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे. कीटकनाशक मुळात बिनकण्याच्या जिवांना मारायलाच केलेलं असतं, आणि आपल्या टाकीत बिनकण्याचे जीवच आहेत. टाकीच्या खोलीत स्प्रे नाही, आणि शेतातून आल्यावर टाकीत हात नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. लहान मुलांना तर आधी सांगा, त्यांचेच हात पहिल्यांदा पाण्यात जातात.

आता ऊन. पाण्याचं तापमान 25 ते 26 अंश हवं. 28 पर्यंत समुद्रफूल आणि प्रवाळ दोघंही सहन करतात. 30 च्या वर गेलं की अंगातलं शैवाल बाहेर पडायला लागतं, रंग उडतो, समुद्रफूल पांढरं दिसू लागतं. मे महिन्यात आमच्या घरात दुपारी 35-36 अंश असतात. चिलर हा त्यावरचा उपाय आहे, आणि ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. पण कोरड्या हवेचा एक मोठा फायदा आपल्याला आहे, तो कोकणातल्या माणसाला नाही. माठातलं पाणी जसं गार होतं तशी टाकीही गार करता येते. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके दोन छोटे पंखे लावले की आमच्याकडे तापमान सहज 4 अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तेच पंखे एवढं काम करत नाहीत. खोलीला जाड भिंत, उत्तरेची बाजू, खिडकीला वाळ्याचा पडदा, एवढं जमवलं आणि भर उन्हाच्या आठवड्यांत सोबत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या पाण्यात तरंगत सोडल्या की आम्ही चिलरशिवाय मे काढतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्यांचा जोर ओसरतो, पण तेव्हा गरजही कमी असते. उलट पौष-माघात रात्री पारा उतरतो तेव्हा हीटर लागतो. त्यामुळे हीटर आणि पंखे दोन्ही एकाच तापमान-नियंत्रकावर लावून ठेवा.

या माठाच्या युक्तीची किंमत पाण्यात चुकवावी लागते. आमची टाकी 120 सेंटिमीटर लांब आहे, पाणी 250 लिटरच्या आसपास. पंखे चालू असले की रोज चार-पाच लिटर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. चार दिवस गावाला जाऊन आलात आणि 20 लिटर उडालं तर हजारी 35 ची क्षारता 38 च्या वर गेलेली असते. आल्या आल्या माणूस घाईने एकदम वीस लिटर गोडं पाणी ओततो, आणि त्या झटक्याने जे चढताना मेलं नाही ते उतरताना मरतं. उडालेल्या पाण्याची भरपाई रोज करायची, बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने. टाकीवर स्केचपेनने पातळीची रेघ मारा. त्याहून चांगलं म्हणजे पातळी बघून आपोआप पाणी सोडणारं यंत्र, पण त्याला 20 लिटरहून मोठी बरणी जोडू नका, अडकलं तर सगळं आत ओततं.

मे महिन्यात उडालेलं पाणी आणि दर आठवड्याचे बदलायचे 25 लिटर धरून आम्हाला आठवड्याला 60 लिटर शुद्ध पाणी लागतं. ते बनवताना आरओमधून त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी बाहेर पडतं. ज्या गल्लीत टँकरची वाट बघतात तिथे ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाही. आम्ही ते पाणी फरशीला, भांड्यांना, संडासाला वापरतो. झाडांना घालू नका, क्षार साचतात. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन मोठे पाऊस होऊन स्लॅब धुऊन निघाला की पन्हाळीचं पाणी धरा आणि कोळसा व डीआयमधून काढा. आरओ लागत नाही, वाया काही जात नाही. मात्र ते पत्र्यावरून आलेलं नको, पत्र्याचं जस्त पाण्यात उतरतं. एवढं सगळं करूनही ज्यांच्या घरी उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार असते, त्यांनी ही हौस धरू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि लाइट. दिवे दोन दिवस बंद राहिले तरी काही बिघडत नाही. पाणी दोन-तीन तास हललं नाही तर बिघडतं, कारण उन्हाळ्यातल्या गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. म्हणून इन्व्हर्टरवर दिवे घेऊ नका, फक्त एक वेव्हमेकर घ्या. तो 24 व्होल्टचा डीसी असेल तर वेगळ्या बॅटरीवर रात्रभर चालतो. जवळ बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा. तेही नसेल तर लोटा घ्या. लंडनला ॲना थिन नावाच्या बाईंनी 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ आणले होते, तेव्हा विजेचा पंप कुठला. उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत, अर्धा-पाऊण तास, घरातल्या मोलकरणीच्या मदतीने त्यांनी ते जगवले. मीही एका रात्री दर वीस मिनिटांनी उठून शंभर-शंभर लोटे उंचावरून ओतले आहेत. हात भरून येतात, पण प्रवाळ उघडे राहतात.

वायरिंगबद्दल एकच सांगतो, ते चुकवू नका. खारं पाणी आणि वीज जवळ आहेत. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता जमिनीवर पडेल. अर्थिंग तपासा आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या.

खंदक

परंड्याचा किल्ला पाहिलेला असेल तर पुढची मांडणी लगेच कळेल. हा भुईकोट, त्याला डोंगराचा आधार नाही, म्हणून भोवती खंदक. आमच्या टाकीत आता समुद्रफुलाचा असाच कोट आहे.

टाकीच्या एका बाजूला एकच सुटा खडक, वीसेक सेंटिमीटर रुंद, वाळूत घट्ट बसवलेला. त्याच्या वरच्या अंगाला एक खोल फट. त्याच्या चारी बाजूंना वीस सेंटिमीटर नुसती वाळू, तिच्यात खडा नाही, प्रवाळ नाही, शंख नाही. पलीकडे प्रवाळांचा खडक. खडकावर राहणाऱ्या समुद्रफुलाला पाय रोवायला कठीण पृष्ठभाग लागतो, सुट्या वाळूवरून ते सहसा जात नाही. फटीत पाय, वर उजेड, भोवती वाळू, एवढं मिळालं की ते जागा धरतं. काचेपासूनही हा खडक तेवढाच दूर हवा. आमचं पहिलं समुद्रफूल काचेवरूनच गेलं होतं.

हे बबल टिप जातीला लागू पडतं, आणि प्रवाळांसोबत ठेवायला मी हीच एक जात सुचवेन. तिच्या बोटांची टोकं फुगीर असतात म्हणून हे नाव. पूर्ण उमललं की ते तीस सेंटिमीटरपर्यंत पसरतं, म्हणून अंतर मोजायचं ते उमललेल्या फुलाच्या कडेपासून, खडकापासून नाही. लाँग टेंटॅकल आणि कार्पेट या जाती बहुधा वाळूत पाय रोवतात, त्यांच्यासाठी खंदक म्हणजे मोकळं मैदान. कार्पेट तर मासेही धरून खातं. अडीचशे लिटरच्या टाकीत त्याला जागा नाही.

वेव्हमेकर कोटाच्या विरुद्ध टोकाला लावा आणि त्यावर जाड स्पंजचं किंवा बारीक जाळीचं आवरण चढवा. आठवड्याला तो स्पंज धुवावा लागतो, नाहीतर प्रवाह मरतो. ते काम कंटाळवाणं आहे, पण त्या मे महिन्यात माझ्याकडे स्पंज असता तर हा लेख वेगळ्या तऱ्हेने सुरू झाला असता.

डंखाशिवाय आणखी एक भांडण चालतं ते डोळ्यांना दिसत नाही. लेदरसारखे प्रवाळ शेजाऱ्याला मागे रेटण्यासाठी पाण्यात रसायनं सोडतात. मोठ्या समुद्रात ती विरून जातात, आपल्या टाकीत साचतात. समुद्रफूल कारण नसताना आक्रसून राहायला लागलं तर आधी कोळसा बदला. ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी कायम ठेवा आणि महिन्याला नवी घाला.

क्रमही महत्त्वाचा. टाकी भरली की पहिले महिना-दीड महिना जिवाणू जम बसवतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. मग एक-दोन मासे, थोडे झोआंथिड नि मश्रूम, तेही कोटापासून दूरच्या टोकाला. समुद्रफूल निदान सहा महिन्यांनी, आणि घाई नसेल तर वर्षाने. तोवर अमोनिया, नायट्राइट कायम 0, नायट्रेट 5 ते 10 च्या आसपास, क्षारीयता 8 ते 9 डीकेएच अशी रेघ सलग दोन-तीन महिने वहीत सरळ दिसली पाहिजे. समुद्रफूल आलं की ते जागा धरेपर्यंत तीन-चार आठवडे टाकीत दुसरं काही नवीन घालू नका. ते कुठे बसतं ते बघून मग उरलेले प्रवाळ मांडा. ते कोट सोडून दुसरीकडेच स्थिरावलं, तर त्याला ओढून आणण्यापेक्षा प्रवाळ हलवा.

आणताना

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धरा. मुंबई-पुण्याहून पार्सलने मागवण्यापेक्षा स्वतः जाऊन, डोळ्यांनी बघून, थर्मोकोलच्या खोक्यात घालून रात्रीच्या गाडीने कुर्डुवाडीला उतरणं केव्हाही बरं. दुकानात बघायचं ते असं: तोंड घट्ट मिटलेलं हवं, सैल, उघडं, आतलं बाहेर आलेलं नको. पाय फाटलेला नको. बोटाने हळूच टेकलं तर चिकटलं पाहिजे. झगझगीत पिवळं, गुलाबी, निळं दिसलं तर बहुधा ते रंगवलेलं असतं. पांढरंशुभ्र सुंदर दिसतं, पण त्याच्या अंगातलं शैवाल गेलेलं असतं, ते उपाशी आहे. तपकिरी झाक असलेलं, फारसं कोणाचं लक्ष न जाणारं समुद्रफूल निवडा. दुकानात खडकाला चिकटलेलं असेल तर नखाने किंवा सुरीने काढू देऊ नका. पायाखालून पंपाने हलका प्रवाह मारला किंवा खडकाच्या मागून बर्फाचा खडा धरला तर ते आपणहून सुटतं. वेळ लागतो, थांबा.

घरी आल्यावर पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंब थेंब तासभर सोडा. दिवे अर्ध्या जोरावर, आठवडाभरात पूर्ण. पहिल्या रात्री पंप मंद.

क्लाउनफिशबद्दल नेहमी विचारतात. 2003 च्या ‘फाइंडिंग निमो’ सिनेमापासून लोकांना वाटतं की समुद्रफुलाशिवाय तो मासा जगत नाही. समुद्रात त्याला आसरा लागतो, टाकीत अजिबात लागत नाही. उलट आपलं समुद्रफूल लहान असेल तर मोठा क्लाउनफिश त्याला घासून घासून बेजार करतो. मासा घ्यायचाच असेल तर हॅचरीतला घ्या. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन कक्षाच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते. त्यातून आलेला मासा समुद्रातून ओरबाडून आणलेला नसतो आणि टाकीत लवकर रुळतो.

रोजच्या बघण्यातलं

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, कोलंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमट्याने बोटांवर ठेवायचा. कोलंबी बिनमिठाची, हळद-मसाला न लागलेली. आमच्याकडे आई ती स्वयंपाकाला घेण्याआधीच चार कोलंब्या माझ्यासाठी डब्यात काढून फ्रीजरमध्ये टाकते. बोटं तुकड्याभोवती वळतात, सावकाश, जणू विचार करत, आणि तो तोंडाकडे सरकवतात. मिनिटभरात तोंड रुंद होतं आणि तुकडा दिसेनासा होतो. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी तो अर्धवट पचून बाहेर येतो आणि पाणी नासवतो.

समुद्रफूल अधूनमधून आक्रसून मुठीएवढं होतं आणि तोंडातून तपकिरी धागे टाकतं. नवखा माणूस घाबरून ते बाहेर काढतो. ती त्याची विष्ठा आहे, काही तासांत पुन्हा उमलतं. काळजी करायची ती दोन दिवस आक्रसलेलं राहिलं, तोंड सैल पडलं, आणि पाय खडकावरून सुटला तर. ते मेलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तसा वास आला तर क्षणभरही थांबू नका, ते काढा आणि चौथा हिस्सा पाणी बदला, नाहीतर सोबत प्रवाळही जातात.

झोआंथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. जखमेतून किंवा डोळ्यांत गेलं तर माणूस दवाखान्यात जातो. त्यांचा खडक साफ करायला तो गरम पाण्यात टाकणं किंवा उकळणं तर कधीच करू नका. वाफेतून विष छातीत जातं आणि अख्खं घर आजारी पडू शकतं. आमच्याकडे टाकीची भांडी, चिमटे, ब्रश वेगळ्या डब्यात असतात, त्यावर लाल रंगाची फुली आहे आणि तो डबा स्वयंपाकघरात येत नाही.

सगळं सुरळीत चाललं तर वर्ष-दोन वर्षांत एक दिवस बबल टिप मधोमध आवळायला लागतं. आमच्या दुसऱ्या समुद्रफुलाने हे गेल्या कार्तिकात केलं. संध्याकाळी ते लांबट झालं, दोन टोकं दोन दिशांना ओढू लागली, रात्री उशिरा लाल बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर मधे नुसता एक दोरा उरला होता. सकाळी दोन होती. अशा वेळी हात घालू नका, खायला देऊ नका, जखम भरायला आठवडाभर द्या. काही वेळा त्रासामुळेही ते असं फुटतं, म्हणून त्याच दिवशी क्षारता आणि तापमान वहीशी ताडून बघा. कोटात दोघांना पुरेल एवढी जागा नसते, आणि धाकटं आठ-दहा दिवसांत खंदक ओलांडायची वाट शोधू लागतं. त्याच्यासाठी आधीच घर बघून ठेवा. आमचं बार्शीला गेलं, एका शाळकरी मुलाच्या टाकीत, आठ महिने जुन्या. डब्यात तळाशी एक शिंपला ठेवला होता, त्यावर ते रात्रीत आपणहून चढलं, आणि शिंपल्यासकट त्याच्या कोटावर ठेवलं. त्या मुलाने खंदक आमच्यापेक्षा रुंद केला आहे.